आर्ट्सवाले, एसटीवाले, पूर्व भागातले: कॉलेजातले शिक्के कितपत खरे असतात?

"आर्ट्सला आहे ना, मग एमपीएससीच करत असणार." "कॉमर्सचा पोरगा, शेवटी गल्ल्यावरच बसायचा." "इंजिनिअरिंगवाले? निम्म्यांचे विषय राहिलेले असतात." "एसटीनं येणारी पोरं कशातच भाग घेत नाहीत." "पूर्व भागातला आहे, दुसऱ्या वर्षाला टॉवेलच्या कारखान्यात जाईल." "मुलगी बी.ए. करतेय म्हणजे घरी स्थळं बघायला लागले."

सोलापूरच्या कॉलेजात, स्टाफरूममध्ये, कट्ट्यावर, कँटीनच्या रांगेत ही वाक्यं मी वीस-बावीस वर्षं ऐकते आहे. मी संख्याशास्त्र शिकवते. सरासरी, प्रमाण, नमुना हे माझे रोजचे शब्द, त्यामुळे दर वर्षी कुणीतरी मला हा प्रश्न विचारतंच: "मॅडम, लोक उगाच बोलतात का? थोडंफार खरं असणारच की." प्रश्न प्रामाणिक असतो. "असं बोलू नये" एवढं सांगून त्याची बोळवण केली, तर पोरं मान डोलावतात आणि बाहेर जाऊन तेच बोलतात. म्हणून हिशेब मांडूनच उत्तर द्यायला हवं.

आधी हे शिक्के येतात कुठून ते पाहू. माझं गाव अक्कलकोट तालुक्यात. गावच्या शाळेत आमच्या वर्गात कुणावर शिक्का मारायची गरजच पडत नसे. कुणाचा बाप कसा, कुणाच्या घरी म्हैस व्यालीय, कोण गणितात पक्कं आणि कोण पाढ्यांना घाबरतं, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. सोलापूरच्या कॉलेजात आले आणि एका वर्गात शंभरावर अनोळखी चेहरे दिसले. आमच्या वेळी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. 1 ऑगस्ट 2004 ला फक्त सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झालं, 2019 मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. केगावला त्याचा परिसर आहे, पण बहुतेक विद्यार्थी जिल्हाभरच्या कॉलेजांत विखुरलेले. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकरा तालुके. घरात मराठी, कन्नड, तेलुगू नाहीतर उर्दू. एवढ्या माणसांना एकेक करून ओळखणं कुणालाच शक्य नसतं. मग डोकं सोपा मार्ग काढतं. माणूस वाचायच्या ऐवजी त्याच्यावरची चिठ्ठी वाचतं.

इंग्रजीत याला 'स्टिरिओटाइप' म्हणतात. हा शब्द छापखान्यातला आहे. जुळवलेल्या खिळ्यांचा साचा घेऊन त्यावरून धातूची एकसंध पाटी ओतत, म्हणजे तोच मजकूर पुन्हा पुन्हा छापता येई. माणसांबद्दलच्या ठरीव कल्पनांसाठी हा शब्द रूढ केला तो अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी, 1922 साली. आपल्याकडच्या 'साचा' आणि 'शिक्का' या शब्दांत तोच अर्थ बसतो.

आता खरेखोटेपणाकडे येऊ. एखादा शिक्का खरा आहे असं आपण म्हणतो, तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतो. त्या गटाची सरासरी खरंच तशी आहे का? गटाची सरासरी तशी असली म्हणून समोरचा माणूस तसा असेल का? आणि सरासरी तशी असेल, तर ती कशामुळे?

पहिल्या प्रश्नाला कधी 'हो' असं उत्तर येतं, कधी 'नाही'. मोजल्याशिवाय कळत नाही. "सायन्स मुलांचं, आर्ट्स मुलींचं" हे जुनं वाक्य घ्या. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात 2021-22 साली देशभरात विज्ञान शाखेत साधारण 57.2 लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली 29.8 लाख आणि मुलगे 27.4 लाख. म्हणजे मुली जास्त. आमच्या प्रयोगशाळेत हे मला रोज दिसतं, तरीही प्रवेशाच्या दिवसांत एखादे वडील मुलीसमोरच विचारतात, "हिला सायन्स झेपेल का?" उलट इंजिनिअरिंगमध्ये आजही मुलग्यांचं प्रमाण बरंच जास्त आहे. तिथे सरासरीबद्दलचा समज बरोबर निघतो. त्यामुळे शिक्के सगळेच खोटे असं मी म्हणणार नाही. लोकांचे गटांविषयीचे अंदाज काही बाबतींत आकड्यांच्या बऱ्यापैकी जवळ जातात, हे संशोधकांनीही दाखवलं आहे.

गाडी अडते ती दुसऱ्या प्रश्नावर.

डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली लोकांना टॉम नावाच्या एका काल्पनिक विद्यार्थ्याचं वर्णन वाचायला दिलं. हुशार, टापटिपीचा, माणसांत फारसा न मिसळणारा. हा कोणत्या शाखेत शिकत असेल? बहुतेकांनी कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंगकडे बोट दाखवलं. कोणत्या शाखेत मुळात किती विद्यार्थी असतात, हा विचार जवळजवळ कुणी केलाच नाही.

हेच आपल्या आकड्यांवर करून पाहू. त्याच 2021-22 च्या सर्वेक्षणानुसार पदवीला शिकणाऱ्यांपैकी 34.2 टक्के कला शाखेत होते आणि 11.8 टक्के इंजिनिअरिंग-तंत्रज्ञानात. म्हणजे हजार विद्यार्थी घेतले तर 342 कलेचे, 118 इंजिनिअरिंगचे. आता समजा, इंजिनिअरिंगच्या निम्म्या पोरांना 'अबोल, चष्मा लावणारा, कोडी सोडवणारा' हे वर्णन लागू पडतं आणि कलेच्या पाचातल्या एकालाच. हे निम्मे आणि पाचातला एक मी गृहीत धरलेले आहेत, मुद्दाम शिक्क्याच्या बाजूनं झुकवून. तरी हिशेब काय येतो? इंजिनिअरिंगचे 59, कलेचे 68. सोलापूरच्या सात रस्ता चौकात एखादा अबोल, चष्मेवाला, कोडी सोडवणारा पोरगा भेटला, तर तो कलेचा असण्याची शक्यता जास्त! शिक्का खरा धरूनही अंदाज चुकला, कारण कलेची माणसंच मुळात जास्त आहेत. हे उदाहरण फळ्यावर मांडते तेव्हा वर्ग क्षणभर गप्प होतो. मला तो क्षण फार आवडतो.

सरासरीच्या आत किती पसारा असतो तेही लक्षात ठेवायला हवं. दोन वर्गांच्या सरासरीत चार गुणांचा फरक असेल आणि एकाच वर्गात 35 पासून 92 पर्यंत गुण असतील, तर वर्गाचं नाव ऐकून तुम्हाला त्या पोराबद्दल काय कळलं? जवळपास काहीच नाही.

काही शिक्के तर याहून फसवे. ते डोळ्यांसमोर दिसतात, मोजले तरी खरे निघतात, आणि तरीही चुकीचे असतात. "खेळाडू अभ्यासात कच्चे" हा त्यातला. आमच्या जिल्ह्यात खो-खो, कबड्डी, कुस्तीची पोरं भरपूर, त्यामुळे हे वाक्यही भरपूर ऐकू येतं. एक मनातलं गाव घेऊ. तिथे बारावी झालेली हजार मुलं आहेत. त्यांतली 100 खेळात चांगली आणि 200 अभ्यासात चांगली, आणि या दोन गुणांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणजे खेळाडूंतही पाचातलं एक पोर अभ्यासात चांगलं आणि बाकीच्यांतही पाचातलं एकच. आता एका कॉलेजनं ठरवलं की प्रवेश एक तर गुणांवर, नाहीतर खेळावर. कोण आत येईल? सगळे 100 खेळाडू, ज्यांतले 20 अभ्यासातही चांगले. आणि खेळाडू नसलेले पण गुण मिळवलेले 180. वर्ग 280 जणांचा झाला. आता त्या वर्गातल्या शिक्षकाला काय दिसेल? खेळाडूंपैकी पाचात एक हुशार आणि खेळाडू नसलेले झाडून सगळे हुशार. तो स्टाफरूममध्ये येऊन म्हणेल, "खेळाडू म्हणजे अभ्यासाच्या नावानं बोंब." त्यानं पाहिलं ते खोटं नाही. पण गावात असा काही फरक नव्हताच. फरक प्रवेशाच्या दारानं तयार केला. जी मुलं ना खेळात ना अभ्यासात, ती 720 मुलं दाराबाहेर राहिली आणि त्याला दिसलीच नाहीत. संख्याशास्त्रात याला 'बर्कसनचा विरोधाभास' म्हणतात. माझं मत विचाराल तर तो शाळेपासून शिकवायला हवा, कारण आपण आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या दारातून गाळून आलेलीच माणसं बघत असतो.

संख्येनं लहान असलेल्या गटाचं आणखी एक दुखणं आहे. डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी 1976 साली लोकांना दोन काल्पनिक गटांविषयी 39 वाक्यं वाचायला दिली. 'अ' गटाची 26, त्यांत 18 चांगल्या वागणुकीची आणि 8 वाईट. 'ब' गटाची 13, त्यांत 9 चांगली आणि 4 वाईट. दोन्हीकडे प्रमाण अगदी सारखं. तरी वाचणाऱ्यांचं मत 'ब' गटाबद्दल जास्त वाईट झालं. गट लहान म्हणून तो उठून दिसतो आणि वाईट गोष्ट क्वचित घडते म्हणून तीही उठून दिसते. दोन्ही एकत्र आल्या की डोक्यात घट्ट बसतात. साठ जणांच्या वर्गात उर्दू माध्यमातून आलेली चार-पाच मुलं असतील आणि त्यांतल्या एकानं कॉपी केली, तर ती पुढची पाच वर्षं "उर्दू मीडियमवाले" म्हणून लक्षात राहते. मराठी माध्यमातल्या सहा जणांनी केली तर ती फक्त त्या सहा जणांच्या नावावर राहते. हे मी माझ्याच डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ते पाहताना गप्पही बसले आहे. ते गप्प बसणं मला आजही सलतं.

आता तिसरा प्रश्न, कशामुळे. माझ्या मते सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो.

"एसटीनं येणारी पोरं कशात भाग घेत नाहीत." हे वाक्य सरासरीनं बरोबर आहे. गॅदरिंग, वक्तृत्व, युवा महोत्सवाच्या तालमी, ग्रंथालयातली संध्याकाळ, या सगळ्यांत मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून रोज ये-जा करणारी मुलं कमी दिसतात. पण त्यावरून निघतो तो निष्कर्ष असा: गावाकडच्या पोरांना हौस नाही, ती बुजरी, त्यांना पुढं यायचंच नाही. गाडीचं वेळापत्रक कुणी बघत नाही. विद्यार्थ्यांना एसटीच्या मासिक पासावर 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्यात प्रवास होतो. त्या सवलतीवर किती घरांतलं शिक्षण उभं आहे ते मला स्वतःच्या घरावरून माहीत आहे. पण पास गाडी आणून देत नाही. गावात शिरणारी शेवटची सोयीची गाडी पाचला सुटत असेल आणि तालीम साडेपाचला सुरू होत असेल, तर पोरगी स्टँडवर जाणार. तिच्या स्वभावात काही शोधायची गरज नाही. समोरच्याचं वागणं त्याच्या परिस्थितीतून आलेलं असताना ते त्याच्या स्वभावातून आलं असं धरून चालण्याची ही खोड फार जुनी. तिला शास्त्रीय नाव दिलं ते ली रॉस यांनी 1977 साली.

सोलापूर शहराच्या पूर्व भागाचंही तसंच. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. सोलापूरचं चादरी आणि टॉवेलांचं नाव या लोकांच्या हातांवर उभं राहिलं. घरात वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. विड्यांची मजुरी हजारावर मोजली जाते, म्हणजे हात थांबला की पैसा थांबला. अशा घरातला मुलगा दुसऱ्या वर्षाला कारखान्यात जातो तेव्हा "यांना शिक्षणाची ओढच नाही" असं म्हणणं सोपं असतं. माझ्या वर्गात एक मुलगा शेवटच्या बाकावर झोपायचा. महिनाभर मी त्याला आळशी समजले. मग त्याच्या मित्राकडून कळलं की तो रात्रपाळीला मागावर उभा राहून पहाटे घरी येतो, अंघोळ करतो आणि थेट कॉलेजला येतो. घरी गेलो तर झोप लागेल आणि हजेरी जाईल म्हणून वर्गात येऊन बसायचा. तो वर्गात येत होता, हेच मुळात किती होतं!

आणि ती बी.ए. करणारी मुलगी? तिच्या घरी स्थळं बघत असतीलही. पण त्यावरून तिला अभ्यासात रस नाही हे कसं ठरतं? उलट अशा कितीतरी मुली मला भेटल्या, ज्यांना पदवी म्हणजे लग्न दोन वर्षं पुढं ढकलण्याचा एकमेव मार्ग होता आणि म्हणून त्या जीव तोडून अभ्यास करत.

शिक्का गप्प बसत नाही, तो कामही करतो. याचा आपल्याच देशातला पुरावा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या एका भागात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले, सोडवलेल्या प्रत्येकामागे पैसे. जात जाहीर केली नव्हती तेव्हा कथित उच्च आणि कनिष्ठ जातींच्या मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. मग मुलांना एकत्र बसवून प्रत्येकाचं नाव जातीसह सगळ्यांसमोर पुकारलं, आणि कनिष्ठ मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. भुलभुलैये त्याच प्रकारचे होते. बदललं होतं ते फक्त खोलीतलं वातावरण. हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. शिक्षकांच्या अपेक्षांचा मुलांवर परिणाम होतो, हे दाखवणारा रोझेंथाल आणि जेकबसन यांचा 1968 चा प्रयोग जास्त प्रसिद्ध आहे. पण त्याच्या पद्धतीवर नंतर बरीच टीका झाली, म्हणून मी वर्गात उत्तर प्रदेशचा अभ्यास आधी सांगते.

तो सांगताना मला माझं पहिलं वर्ष आठवतं. आमच्या घरी कन्नड बोलत. माझ्या मराठीत लिंगं चुकायची. 'तो पुस्तक' म्हणायचे मी, कारण कन्नडमध्ये पुस्तकाला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतंच. वक्तृत्व स्पर्धेला नाव दिलं तर एका प्राध्यापकांनी यादी वाचताना माझ्या नावापाशी थांबून सगळ्यांसमोर विचारलं, "अक्कलकोटकडची ना? राहू दे." वर्ग हसला. त्यानंतर तीन वर्षं मी कुठल्याही व्यासपीठावर गेले नाही. आता हिशेब बघा: अक्कलकोटकडच्या मुली स्टेजवर जात नाहीत, या समजुतीला माझ्या रूपानं आणखी एक पुरावा मिळाला. तो पुरावा त्या वाक्यानंच तयार केला होता.

मग उलटी उदाहरणं दाखवून शिक्का पुसता येतो का? मला तसा अनुभव नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांना नावं ठेवणाऱ्यांना मी सांगते की माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. ऐकणारा कौतुकानं मान हलवतो आणि म्हणतो, "ते अपवाद हो." झालं! अपवाद बाजूला काढून ठेवला की शिक्का होता तसाच राहतो. खरं तर संख्याशास्त्राच्या नजरेनंही एका झळाळत्या उदाहरणावरून गटाबद्दल काही ठरत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. समजूत हलते ती रोजच्या सहवासानं. एकाच बाकावर, एकाच प्रोजेक्टवर, एकमेकांवाचून काम अडेल अशा रीतीनं माणसं काही महिने एकत्र राहिली की चिठ्ठी गळून पडते. म्हणून प्रॅक्टिकलच्या जोड्या मी हजेरीपटाच्या क्रमानं लावत नाही. शहरातल्या जुळे सोलापूर भागातला मुलगा आणि सांगोला तालुक्यातली मुलगी, अशा जोड्या मुद्दाम पाडते. सुरुवातीला कुरकुर होते. दिवाळीनंतर "मॅडम, जोडी बदलू नका" म्हणून तीच मुलं येतात.

आणखी एक करते. वर्षाच्या पहिल्या तासाला प्रत्येकाकडून एक चिठ्ठी घेते. त्यावर नाव, शाखा, गाव यांतलं काहीच लिहायचं नसतं. तीनच प्रश्न: मनातल्या मनात आकडे कोणत्या भाषेत मोजता, कॉलेज सुटल्यावर कुठे जाता, आणि कॉलेजातल्या कोणत्या गोष्टीत तुम्हाला यायचंय पण येता येत नाही. यंदाच्या गठ्ठ्यात एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: "कन्नडमध्ये मोजते. कॉलेज सुटलं की स्टँडवर. नाटकात काम करायचंय, पण गाडी सव्वापाचला असते. तालीम दुपारी दोनला ठेवली तर मी येईन." कुणाची चिठ्ठी ते मला ठाऊक नाही. पण या आठवड्यापासून तालीम दोनला आहे.